गाडीच्या बाजूने अकरा फेऱ्या

"पळ रे बरोबर. कान चाकाशी ठेव." वकीलसाहेबांनी काच खाली करून सांगितलं आणि मी पळायला लागलो.

नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीचं आवार. मधोमध पाण्याची टाकी. गाडी टाकीभोवती डावीकडे वळत गोल फिरत होती. टाकी आणि गाडी यांच्यामधल्या चार फुटांत मी. कमरेत वाकलेला, उजवा कान पुढच्या चाकाकडे. गॅलऱ्यांत माणसं जमली. एक बाई म्हणाली, "अगं बाई, सर्कस आली की काय!" सगळे हसले.

अकरा फेऱ्या झाल्या. मी मोजल्या.

फाटकाशी खाकी कपड्यांत वॉचमन उभा होता. तो माझा बाप.

साल १९९१. मी सव्वीस वर्षांचा. आयटीआय पास, ठाण्याच्या एका गॅरेजात पाच वर्षं मेकॅनिक. बाबा आणि मी विठ्ठलवाडीहून ठाण्याला कामाला यायचो. सोसायटीत बाबा ज्याला त्याला सांगायचे, "माझा मुलगा गाडी उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून दुखणं सांगतो." वकीलसाहेबांची गाडी वळताना कट्-कट् वाजायला लागली, तेव्हा बाबांनीच माझं नाव सुचवलं. त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने माझा शर्ट इस्त्री केला होता.

वळतानाचा आवाज पकडायची रीत साधी आहे. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना कुरकुर आली, तर कारण वेगळं. गाडी चालती ठेवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून कट्-कट् आलं, तर चाक फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो. डावीकडे वळताना वाजलं तर बहुतेक उजवा. उजवीकडे वळताना वाजलं तर डावा. पण खात्री करायची तर गाडीत बसावं लागतं. दोन्हीकडे वळवून, शांतपणे ऐकावं लागतं.

मी दार उघडून बसायला गेलो. साहेब म्हणाले, "थांब. तू आपल्या वॉचमनचा ना? मग बाहेरूनच ऐक. गाडीत देव आहेत आमचे."

आमच्याच गॅरेजातला दुसरा मेकॅनिक आदल्या महिन्यात ऑइलने माखलेल्या डांगरीत त्याच सीटवर बसला होता. देव तेव्हाही समोर होते. त्याचं आडनाव वेगळं होतं, एवढंच.

मी दार लावून बाहेर उभा राहिलो. बाबा बघत होते.

पळताना मला काय ऐकू आलं? माझा श्वास. वरचं हसणं. आणि कट्-कट्, जी मी ज्या बाजूला होतो त्याच बाजूची वाटली. दोन्ही जॉइंटवरची रबरं फाटलेली, त्यामुळे बघूनही कळेना. रीत मला पाठ होती. पण मला ते संपवायचं होतं. मी म्हणालो, "डावा गेलाय."

दुसऱ्या दिवशी तिथेच आवारात गाडी जॅकवर चढवून डावा जॉइंट बदलला. किल्ली साहेबांनी दिली नव्हतीच. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर त्यांनी गाडी टाकीभोवती फिरवली. कट्-कट् तशीच.

साहेब खाली उतरले. माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून बोलले.

"हा तुझा हुशार मुलगा? सर्टिफिकेटं काय, तुम्हा लोकांना फुकट वाटतातच."

बाबांची मान खाली गेली. त्या मानेकडे बघताना मला कळलं. चूक माझ्या कानाची नव्हती. मी सीट मागायला हवी होती. गाडीबाहेर पळून मला ऐकू येणार नाही, हे सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो आणि चांगला जॉइंट काढून फेकला.

"चल, पुन्हा पळ," साहेब गाडीत बसत म्हणाले. "या वेळी नीट ऐक."

मी हललो नाही.

"साहेब, मी सीटवर बसून ऐकणार. नाहीतर गाडीला हात लावणार नाही."

"आवाज खाली! तुझा बाप इथे नोकरीला आहे, विसरू नकोस."

बाबा माझ्याजवळ आले. हळू म्हणाले, "पळ रे राजा. दोन फेऱ्या मार. पाया पडतो तुझ्या."

मी नाही म्हणालो. बापाला नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ.

मग ते झालं. बाबांनी टोपी काढून टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. म्हणाले, "साहेब, तुम्ही चालवा. मी ऐकतो." आणि साहेबांनी गाडी सुरू केली. माझा बाप, वय वर्षं सत्तावन्न, गुडघे धरलेले, चाकाशी कान लावून पळायला लागला. त्यांना जॉइंट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. अर्धी फेरी झाली. मी गाडीच्या समोर जाऊन उभा राहिलो. बंपर माझ्या नडगीला लागला तेव्हा गाडी थांबली. कुणी हसलं नाही.

"उजवा जॉइंट आहे," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या." हत्यारं पिशवीत भरली. बाबांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वतीने साहेबांची माफी मागितली. नोकरी राहिली. माझ्याशी ते सात महिने बोलले नाहीत.

नंतर मी विठ्ठलवाडीला माझं गॅरेज टाकलं. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं, तर आधी सांगतो, तपासायला मी आत बसणार. आजवर तिघे परत गेले. जाऊ दिले.

बाबा गेल्या वर्षी, १९९९ साली, वारले. कळव्याच्या हॉस्पिटलात, जायच्या चार दिवस आधी, त्यांनी पुन्हा विचारलं, "दोन फेऱ्या मारल्या असत्यास तर काय बिघडलं असतं रे?"

मी त्यांची पाठ चोळत बसलो. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना ऐकवायचं नव्हतं. आता लिहितो. बाबा, मी पहिल्या दिवशी पळालो, म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हाला पळावं लागलं. पहिल्याच फेरीला नाही म्हणायचं असतं. माझी मुलगी यंदा शाळेत जाईल. तिला मी हे सगळ्यात आधी शिकवणार आहे.