वाढपी आधी जेवतील

स्टेशनबाहेर उघड्यावर राहणाऱ्यांसाठी संध्याकाळची खिचडी माझ्या घरी शिजायची. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी हिशेब बघायची. तिथून आले की पातेलं चढवायचं. वाटायला कॉलेजची सहा मुलं यायची, आठवड्याचे सातही दिवस.

त्यांतली नर्सिंग शिकणारी मुलगी एकदा फरशीवर बसली ती उठेचना. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी इथं.

"काकू, काल मी एका म्हाताऱ्या बाबांवर ओरडले. त्यांनी नुसती आणखी खिचडी मागितली होती. मी उद्यापासून येत नाही. माझ्यात ती माया नाहीच."

"जेवलीस कधी?"

तिला आठवेना.

पंगत उठल्याशिवाय वाढप्यानं घास घ्यायचा नाही, ही आपली रीत. लग्नात ठीक आहे. इथं रोजच पंगत होती, आणि शेवटी जेवणारी ही मुलं बहुतेकदा जेवतच नव्हती. मी सहा ताटं मांडली.

मुलं जेवत असतानाच तांदूळ देणारे गृहस्थ आले. सगळे त्यांना दादा म्हणत.

"लोक तिकडं उपाशी, अन् वाढपी आधी जेवायलेत?"

"व्हय. अन् आजपासून एकाला आठवड्यात तीनच दिवस."

"सेवेला सुट्टी असती का कुठं, वहिनी?"

"तुम्ही पोतं टाकून घरी जाता, दादा. तुम्हाला रोजच सुट्टी."

एका मुलाला ठसका लागला. दादा म्हणाले, "मंग तांदूळ बी दुसरीकडं बघा."

"बघते."

सहा जण, तीन-तीन दिवस: अठरा पाळ्या. वाटायला निदान तिघं तरी लागत, म्हणजे सहाच दिवस भरत होते. रविवार बंद. हे स्टेशनवर मी स्वतः सांगितलं. काही जण चिडले; तो त्यांचा हक्कच होता. रविवारी कुणाकुणाच्या पोटात काही जाणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी तीन दिवसांचा आकडा बदलला नाही. मुलं मोडून पडली असती, तर सातही वार बंद पडले असते.

ओरडा खाल्लेल्या बाबांनी विचारलं, "वो गुस्सेवाली बच्ची छोड गई क्या?"

"नाय बाबा, आज तिची सुट्टी." खरं तर ती परत येईल की नाही, मलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी तिचा वार होता, ती आली. तांदूळ आता मी आणि दोन शेजारणी आणत होतो. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"कमीच दिसतंय, काकू. मी मागून जेवते."

"मागून-बिगून काही नाही. बस."

ती बसली. आणि तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं.