नुसतं व्हय चालत नाही

भांडगावच्या फाट्यावर एक फ्लेक्स आहे. त्यावर लढाऊ विमान आहे, विमानाच्या काचेत मल्हारचं तोंड आहे, आणि तोंड विमानाच्या पंखाएवढं आहे. खाली लिहिलंय, 'गावचा पहिला पायलट'. शुभेच्छुक म्हणून कोपऱ्यात मल्हारचे मामा बबनराव हात जोडून उभे आहेत. ते पायलटापेक्षाही मोठे दिसतात. हा फ्लेक्स लागला तेव्हा मल्हार विमानात एकूण तीनदा बसला होता आणि त्यातल्या दोनदा त्याला उलटी झाली होती.

मल्हार माझा केडगावच्या शाळेपासूनचा दोस्त. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढं मी रांजणगावला कंपनीत चिकटलो आणि हा पठ्ठ्या शेजारच्या तालुक्यातल्या फ्लाइंग क्लबात विमान शिकायला गेला. आधी प्रायव्हेट लायसन, मग जमलं तर कमर्शियल. त्याचे वडील भैरूआबा. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालले, आता सहा एकरांत स्थिर आहेत. हायवेत जमिनीचा तुकडा गेला, त्याचे पैसे आले, तेव्हा मल्हारनं विमानाचं काढलं. आबांनी आभाळाकडं बघितलं आणि 'शिक' एवढंच म्हणाले. का म्हणाले ते अजून कुणाला कळलेलं नाही.

मल्हारचा सगळा स्वभाव एका शब्दात मावतो. व्हय.

याला कारण आहे. सातवीत असताना घरी पाहुणे बसलेले. आबा म्हणाले, "जा, म्हशीला पेंड टाक." मल्हार म्हणाला, "म्हशीला पेंड टाकू?" त्याला फक्त खात्री करायची होती. आबांना वाटलं, पोरगं चारचौघांत वेडावतंय. अशी कानाखाली बसली की पाहुण्यांच्या कपातला चहा हलला. "मोठ्याचं बोलणं त्याच्याच तोंडावर माघारी म्हणायचं न्हाई. व्हय म्हणायचं आन् निघायचं." त्या दिवसापासून मल्हार व्हय म्हणतो आणि निघतो. समजलं तरी व्हय, नाही समजलं तरी व्हय. एकदा कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचंय?" हा म्हणाला, "व्हय."

आता असा माणूस कुठं जाऊन अडकावा? जिथं व्हय चालतच नाही, नेमका तिथं.

विमान आणि कंट्रोल टॉवर यांच्यातला नियम असा, की टॉवरवाल्यानं जे सांगितलं ते पायलटानं जसंच्या तसं परत म्हणायचं. तो म्हणाला, धावपट्टी अकरावर उतरायला परवानगी, की यानं म्हणायचं, धावपट्टी अकरावर उतरायला परवानगी, आणि पुढं आपल्या विमानाचं नाव. म्हणजे दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आहे हे दोघांनाही कळतं. मल्हारच्या हेडफोनात मात्र कुणीतरी मोठं, भारदस्त माणूस बोलायचं. त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "येस सर."

त्याला शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडम. बारीक अंगाच्या, पण आवाज असा की इंजिन गप बसावं. सहा महिने त्या घसा फोडत होत्या. बरोबरची पोरं एकटी विमान उडवून मोकळी झाली होती. मल्हारला काही मॅडम एकटा सोडेनात. उतरणं तसं बरं होतं, म्हणजे विमान टेकायच्या ऐवजी आदळायचं, पण सरळ आदळायचं. गाडी अडली होती ती व्हयवर.

मागच्या महिन्यात कहर झाला. विमान उतरायला खाली येत होतं. टॉवरनं सांगितलं, येत राहा, धावपट्टीवर दुसरं विमान आहे. येत राहा म्हणजे उतर नव्हे. उतरायची परवानगी वेगळी मिळते, आणि ती मिळाली नाही तर पुन्हा वर उचलून चक्कर मारायची. मल्हार म्हणाला, "येस सर", आणि निघाला उतरायला.

"टॉवर काय म्हणाला?" मॅडमनी विचारलं.

"येस मॅडम."

"येस काय? काय म्हणाला तो?"

पुढच्या विमानाची शेपटी मोठी मोठी होत आलेली. मॅडमनी स्वतः विमान वर उचललं. खाली उतरल्यावर त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, त्यामुळं मल्हार जास्त घाबरला. "तेवीस तारखेच्या गुरुवारी शेवटची तपासणी," त्या म्हणाल्या. "परत असं झालं तर मी तुला एकट्याला कधीच सोडणार नाही. तुझ्या घरी मीच फोन करीन. कळलं?"

"येस मॅडम," मल्हार म्हणाला.

इकडं घरी दुसरा सापळा तयार होता. बबनरावमामांनी भाच्यासाठी रांजणगावला जागा बघितली, माझ्याच कंपनीत. "एक तारखेपास्नं लागायचं. पैली पाळी. काय?" मामांसमोर आबासुद्धा जपून बोलतात. मल्हार व्हय म्हणाला. आठ दिवसांत त्याचं ओळखपत्र बनून आलं आणि त्याच्या आईनं, रतनबाईंनी, ते देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. आता गावात त्याचे दोन फोटो होते. फाट्यावर पायलट, खिळ्यावर ट्रेनी ऑपरेटर. खरा मल्हार दोन्हींच्या मधे, जेवताना घास हातात धरून बसायचा.

"अरे, मामांना सांग की, नाही जमत म्हणून," मी म्हणालो.

"व्हय म्हणून बसलोय ना."

"मग मॅडमना सांग, विमान नको."

"त्यांना बी व्हय म्हणलोय."

"संध्याकाळी माझ्या म्हशीची धार काढायला येतो का?"

"व्ह..." म्हणता म्हणता थांबला. हसला, पण डोळ्यांत नाही.

तेव्हा मी ठरवलं, टॉवर व्हायचं. मल्हारच्या घराच्या स्लॅबवर पाण्याची टाकी आहे. सुट्टीच्या दिवशी मी कागद घेऊन टाकीवर चढलो. मल्हार खाली स्लॅबवरच, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात फावड्याचा दांडा. दांडा मागं ओढला की विमानाचं नाक वर.

"किलो लिमा, रनवे वन वन, क्लिअर्ड टू लँड!" मी टाकीवरून ओरडलो. किलो लिमा हे त्याच्या विमानाचं नाव.

"येस सर."

"सर कोण रे? मी संपत्या हाय. परत म्हण."

मल्हारचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझ्यासमोरही त्याला जमेना. जणू कान अजून गरमच होता. दहा वेळा झालं. अकराव्या वेळी तो कसाबसा पुटपुटला, "रनवे वन वन, क्लिअर्ड..." आणि जिन्यात आबा उभे दिसले. दांडा हातातून गळाला.

"ह्ये काय चाललंय?" आबांनी विचारलं. "ह्यो बोलतोय त्येच तू बोलतोयस. बहिरा हायेस का पोपट हायेस?"

मल्हार खुर्चीत आणखी खाली गेला. मी टाकीवर होतो, म्हणजे हाताच्या अंतराबाहेर, म्हणून मला धीर आला. "आबा, विमानात असंच असतं. नुसतं व्हय म्हटलं तर विमानावर विमान जाईल. म्हणून परत म्हणायचं."

मला वाटलं, आता बसणार. आबा मात्र कठड्यावर टेकले. हायवेकडं बघू लागले.

"आमचं बी तसंच व्हतं," ते म्हणाले. "मेंढरं सोलापूर रोड वलांडायची तवा थोरला भाऊ फुडं, मी मागं कळपापाशी. रस्ता त्यो बगायचा, मेंढरं मी सोडायचो. त्यो वरडायचा, दोन ट्रक जाऊ दे, मग सोड. मी तेच वरडून माघारी सांगायचं, दोन ट्रक जाऊ दे, मग सोडतो. म्हंजी त्याला कळायचं, ह्याच्या ध्येनात हाय."

"मग?" मी विचारलं.

"एकदा भांडण झालं व्हतं आमचं. त्यो काय वरडला ते मी ऐकलंच न्हाई. माघारी इचारायचं तर थोरल्याचा धाक. म्हणलं, व्हय. आन् सोडली." आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अकरा मेंढरं. रस्ता धुवायला पाणी मिळंना."

मग मल्हारनं, आयुष्यात पहिल्यांदा, आबांना उलट प्रश्न केला. "मग मला का मारलं वो आबा, तवा?"

"ते घरातलं बोलणं. ह्ये रस्त्यावरचं. दोन्ही येगळं."

"आबा, ह्ये बी रस्त्यावरचंच हाय."

आबांनी विचार केला. मग मला म्हणाले, "संपत, उतर खाली." आणि सत्तरीचा तो माणूस शिडीनं टाकीवर चढला. इंग्रजीची गरज त्यांना वाटली नाही. "मल्हार! फुडं इमान हाय! येत ऱ्हा! उतरू नको!"

आणि खुर्चीतून, खणखणीत आवाजात, "फुडं विमान हाय! येत ऱ्हातो! उतरत न्हाई!"

शेजारच्या रानात कांदा काढणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

गुरुवारी मी सुट्टी टाकली. आबाही निघाले, फेटा बांधून, माझ्या मोटरसायकलवर मागं. मॅडमनी मल्हारबरोबर दोन चकरा मारल्या, मग विमान थांबवलं, दार उघडलं आणि खाली उतरल्या. मल्हार आत एकटा. त्या व्हरांड्यात आमच्याशेजारी हातातला रेडिओ घेऊन उभ्या राहिल्या. विमान पळालं, सुटलं. रेडिओतून मल्हारचा आवाज येत होता. टॉवर बोलायचा, मल्हार तेच बोलायचा. आबा प्रत्येक वेळी मान हलवायचे, जणू सगळं समजतंय.

चक्कर संपत आली. टॉवर म्हणाला, येत राहा, धावपट्टीवर विमान आहे. मल्हारनं जसंच्या तसं परत सांगितलं. पुढचं विमान काही केल्या धावपट्टी सोडेना. मल्हार खाली येतोय. अजून खाली. टॉवर गप्प. मॅडमचं बोट रेडिओच्या बटणावर होतं, पण त्यांनी ते दाबलं नाही.

मग मल्हार स्वतःच बोलला, "किलो लिमा, गोइंग अराउंड." इंजिन गरजलं आणि विमान आमच्या डोक्यावरून वर गेलं.

"काय झालं? उतरला का न्हाई?" आबा घाबरे झाले.

"परवानगी नव्हती म्हणून नाही उतरला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "शाबास."

पुढच्या खेपेला परवानगी मिळाली, यानं ती मोठ्यानं माघारी म्हटली, आणि उतरला. एकदा टेकला, उडाला, टेकला, परत उडाला, टेकला. एका फेरीत तीन लँडिंगांचा सराव. मल्हार खाली आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. पहिल्यांदा एकट्यानं उडवलं की पाणी ओतायची रीत, त्याप्रमाणं मॅडमनी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. आबांना वाटलं शिक्षा आहे, ते मधे पडायला निघाले.

"वर काय वाटलं रे?" ट्रिपल सीट परत येताना मी विचारलं.

"अडकल्यासारखं," तो म्हणाला. "खाली गाव दिसतं, पण कुणीतरी या म्हटल्याबिगर उतरता येत नाही. घरी बी तेच. आता एक तारीख आलीच की."

ते मी विसरलोच होतो. विमान उतरलं होतं, व्हय अजून वरच होतं.

संध्याकाळी बबनरावमामा पेढे घेऊन आले. "झालं का एकट्यानं? ब्येस! फोटो काढला न्हवं? फ्लेक्स बदलू. आता एक तारखेपास्नं रांजणगाव, पैली पाळी. इमान बिमान बास. काय?"

मल्हारनं खिळ्यावरचं ओळखपत्र काढलं. मला वाटलं, झालं, निघाला हा कंपनीत. तो ताठ उभा राहिला.

"एक तारखेपास्नं रांजणगाव, पैली पाळी, विमान बंद. असं म्हणता मामा तुम्ही."

रतनबाईंच्या हातातला चमचा थांबला. मामांचा चेहरा लाल झाला. "भैरूदाजी, बगा तुमचं पोरगं! माझंच बोलणं माझ्या तोंडावर!"

"म्हणला ते बरोबर हाय का न्हाई?" आबांनी शांतपणे विचारलं. "चुकलं असंल तर सांगा त्याला."

मामांनी पेढ्यांकडं बघितलं. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. "बरोबर हाय," ते अखेर म्हणाले.

"मला जमणार न्हाई, मामा," मल्हार म्हणाला. "आधी व्हय म्हणलो ते चुकलं. लायसन होईतोवर मी कंपनीत लागणार न्हाई." त्यानं ओळखपत्र मामांच्या पुढं ठेवलं.

मामा उपरणं झटकून उठले. "बरं," म्हणाले आणि दाराकडं वळले.

"बबनराव," आबा म्हणाले. "नुसतं बरं चालत न्हाई. त्यो काय म्हणला ते माघारी म्हणा, मग जावा."

बबनराव उंबऱ्यात उभे राहिले. फाट्यावरच्या फ्लेक्सात दिसतात त्याच्या निम्मे दिसत होते. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "लायसन होईतोवर..."