कानसेनाने साफ केलेली गाणी

आमच्या नाटक कंपनीतल्या आवाजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. पडद्यामागे तो पत्रा हलवून विजा पाडायचा, दोन चपला आपटून अख्खी पलटण चालवायचा. टाळ्या मात्र आम्हाला. चाळीस वर्षांत त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. असूया म्हणजे काय हे या माणसाला ठाऊकच नाही, असं मी समजत होते.

ती असूया त्याला भेटली स्वतःच्या घरात. त्याची लेक गिटार वाजवते, तिची मैत्रीण ड्रम. दोघींचाच रॉक बँड. मागच्या खोलीच्या दाराला गाद्या लावून, बापाच्या जुन्या टेपयंत्रावर त्यांनी नऊ गाणी रेकॉर्ड केली. माइक भिंतीकडे तोंड करून रुसलाय का, असं बाप विचारायचा. पोरी हसायच्या आणि माइक तिथेच ठेवायच्या. त्यातलं एक गाणं एका रेकॉर्ड कंपनीच्या बाईंनी ऐकलं आणि सांगितलं, नऊही द्या, अल्बम काढू.

मी कौतुक करायला गेले, तर हा तोंड आंबट करून बसलेला. आम्ही जन्मभर झिजायचं आणि यांनी गाद्यांच्या आड बसून अल्बम काढायचा, म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही टोचलं. पहिलं वाक्य मिळेपर्यंत सहा वर्षं मी तबक घेऊन मुकी दासी झाले होते.

टेप देण्याआधी जरा साफ करतो, असं तो लेकीला म्हणाला. तिने विश्वासाने दिल्या. तीन आठवडे खपून त्याने पंख्याची घरघर काढली, खुर्चीची करकर काढली, ठेका चुकल्यावर लेक फिस्सकन हसली होती तेही काढलं. रेकॉर्ड कंपनीच्या बाईंनी ते ऐकलं आणि फोन केला. काम सुबक आहे, म्हणाल्या, पण गाणी कुठे गेली? शुक्रवारपर्यंत मूळ टेप पाठवा, नाहीतर राहू द्या.

कानसेनाने सांगितलं, मूळ टेप पुसल्या गेल्या.

पोरींनी गाणी पुन्हा वाजवून पाहिली. जमेनात. गुरुवारी सकाळी लेक माझ्याकडे येऊन रडली, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी तडक त्याच्या घरी गेले.

"अरे, तालमीतला माझा खोकलासुद्धा तू चिठ्ठी चिकटवून जपून ठेवलास. आणि लेकीची गाणी पुसलीस? कुणाला सांगतोस?"

कपाटातल्या घोंगड्यांमागून त्याने मूळ टेपांचा खोका काढला. मी म्हटलं, दोन्ही वाजव. आधी तुझं, मग त्यांचं.

त्याचं गाणं इस्त्री केल्यासारखं होतं. मग मूळ टेप लागली. पंखा, खुर्ची, आणि अंगावर धावून येणारी गिटार. मध्येच ते हसू, आणि त्याच्या पाठोपाठ ड्रम दुप्पट जोराने. तेवढीच जागा त्याने तीनदा वाजवली.

"माइक चुकीच्या जागीच आहे," तो म्हणाला. मग टेप थांबवून, "मी तो बरोबर ठेवला असता, बाई, आणि यातलं काहीच उरलं नसतं. जळतो मी. पोटच्या पोरीवर. बापाला शोभतं का हे?"

"नाही शोभत. टेप दे, मग जळ हवं तेवढं."

संध्याकाळी त्याने स्वतः लेकीच्या हातात खोका दिला आणि खोटं बोललो हेही सांगितलं. ती खोका छातीशी धरून तशीच मैत्रिणीकडे गेली.

अल्बम निघाला, गाजलाही. मागच्या बाजूला छापलंय: घरी रेकॉर्ड केले, आम्ही दोघींनी. पाहुण्यांसमोर बायको लेकीचं कौतुक करू लागली की कानसेन पाणी प्यायला उठतो.

आता दुसऱ्या अल्बमचं काम चाललंय. लेक खोलीला आतून कडी लावते, आणि हा बाहेर खुर्ची टाकून बसतो. मी गेले, काही बोलायला लागले, की हात वर करून मला गप्प करतो.