एका सहीसाठी ईडन प्रेरी

विमानाच्या खिडकीतून मिनियापोलिस पहिल्यांदा दिसलं, तेव्हा वाटलं, गावाला जाताना माणसं सोफ्यावर पांढरी चादर टाकतात, तशी कुणीतरी अख्ख्या शहरावर टाकून गेलंय. २००७चा मार्च होता. साताऱ्यात आम्ही पंखे पुसून सुरू केले होते. इथे विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि नाक माझ्या मालकीचं राहिलं नाही.

मी एका कॉलेजची ग्रंथपाल. अमेरिकेला चाललेय ती युरोपच्या कामासाठी, हे मी शेजाऱ्यांना तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा "फिरायला चाललेय" म्हणून मोकळी झाले. प्रकार असा होता, की युरोपातल्या सात विद्यापीठांनी मिळून एक प्रकल्प काढला होता. छोटी छोटी संशोधन-नियतकालिकं इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करायची आणि विद्यार्थ्यांना नवनिर्मितीचं शिक्षण द्यायचं. बाहेरचा भागीदार म्हणून आमचं कॉलेज त्यात शिरलं होतं. त्या आठवड्यात मिनियापोलिसला ग्रंथपालांची मोठी परिषद होती, सगळे तिथे जमणारच होते, म्हणून प्रकल्पाची बैठकही तिथेच ठेवलेली.

आमच्याकडून द्यायचं होतं ते आमच्याच कॉलेजातल्या निमकर सरांचं वनस्पतिशास्त्राचं मराठी षण्मासिक. सरांनी ते तेवीस वर्षं एकहाती चालवलं, म्हणून सगळे हक्क त्यांच्या नावावर. आणि सर निवृत्तीनंतर मुलाकडे, समीरकडे, राहत होते, ईडन प्रेरीला, म्हणजे मिनियापोलिसच्याच उपनगरात. संमतिपत्रावर सही मागणाऱ्या माझ्या दोन पत्रांना उत्तर नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले, "इकडे येतेयस ना, वंदना? मग जेवायला ये. सहीचं बोलू नकोस."

सही नाही, तर आम्ही प्रकल्पाबाहेर. प्राचार्यांनी निघताना मला हार घातला होता, त्यामुळे रिकाम्या हातानं परतणं जरा अवघडच होतं.

पहिल्या सकाळी हॉटेलपासून बैठकीपर्यंत स्कायवेनं (इमारतींना जोडणाऱ्या काचेच्या बंद पुलांनी) जायचं ठरवलं. थंडीत बाहेर पाऊलही टाकावं लागत नाही, अशी त्याची ख्याती. चाळीस मिनिटं मी एका बँकेतून, दोन दुकानांतून आणि एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहातून चालत होते. शेवटी एका पहारेकऱ्याला कागद दाखवला. त्यानं पत्ता वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, त्यावर नणंदेचा कोट, पायात कॅनव्हासचे बूट.

"मॅडम, तुमचं हॉटेल कुठलं?"

मी नाव सांगितलं.

"तुम्ही तिथेच आहात. फक्त एक मजला वर."

बैठक खालच्या मजल्यावर होती. मी लिफ्टनं उतरले आणि सांगितलं, की विमानप्रवासामुळे उशीर झाला.

प्रकल्पाचा प्रमुख युर्गेन नावाचा उंच जर्मन होता. 'खुलं' म्हणजे नेमकं काय, यावर त्यानं सकाळभर चर्चा घेतली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'खुलं'चे चार प्रकार झाले आणि चौथ्यात बरंचसं बंद होतं. दुपारी नवनिर्मितीची कार्यशाळा. प्रत्येकानं आपलं ग्रंथालय प्राण्याच्या रूपात काढायचं. मी कासव काढलं. शेजारच्या इटालियन बाईंनी कौतुकानं मान हलवली आणि विचारलं, "बटाटा का निवडलात?" माझ्या दुसऱ्या बाजूला फिनलंडची आयनो बसली होती. ती दिवसभरात एक शब्द बोलली नव्हती. तिनं कागद कोराच ठेवला आणि खाली सही केली. तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मी युर्गेनला सरांची अडचण सांगितली. तो उत्साहानं म्हणाला, "मग आपण सगळेच जेवायला जाऊ! मी त्यांना समजावतो."

हे ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. सरांना समजावायला गेलेली माणसं मी कॉलेजात पाहिली होती.

रविवारी सरांची सून पल्लवी मिनीव्हॅन घेऊन आली. ती पुण्याची, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी. "ताई, समीर क्लायंटकडे टेक्सासला गेलाय, फ्लाइटच कॅन्सल झाली यार त्याची. त्यामुळे होस्ट मीच. हे दोघं स्पायसी खातात ना?" शेवटी माझ्यासोबत युर्गेन आणि आयनो असे दोघंच होते, बाकीचे खरेदीला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, त्यांत अर्ध्या बुडालेल्या पत्रपेट्या. पल्लवी हे सगळं न बघता गाडी हाकत होती, आणि मी तिच्या वाटचं बघत होते.

सर दारातच उभे होते. अंगात स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर शाल. "ये. वाळलीस. हे लोक कोण?"

मी ओळख करून दिली. "सहीसाठी माणसं आणलीस," सर मराठीत म्हणाले आणि इंग्रजीत त्यांचं फार छान स्वागत केलं.

पल्लवीनं थालीपीठ, पिठलं आणि श्रीखंड केलं होतं. युर्गेननं पिठल्यात श्रीखंड कालवलं आणि दोन्हींची तारीफ केली. आयनो गप्प. तिला काही आवडलेलं दिसत नाही, असं पल्लवीनं मला खुणेनं सांगितलं, तोवर आयनोचं चौथं थालीपीठ संपलं होतं.

मग युर्गेननं समजावायला सुरुवात केली. बारा मिनिटं बोलला. 'खुलं'चे चारही प्रकार झाले. सर नम्रपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते छापून झालंय. ज्यांना हवं त्यांनी वाचलंय. आता पुरे."

सरांची नात ईशा बारा वर्षांची, जन्मानं इथलीच. ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "आजोबा, आय सर्च्ड यू. देअर इज नथिंग. यू डोन्ट एग्झिस्ट!"

"बरंच आहे," सर म्हणाले.

मी मनातल्या मनात प्राचार्यांपुढे उभी राहिले. तेवढ्यात आयनो बोलली. त्या प्रवासात मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

"सगळेच अंक नकोत, की एक अंक नको?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, आतल्या खोलीत गेले आणि प्लॅस्टिकची एक फाइल घेऊन आले. तिच्यात एकच कागद होता, वहीतून फाडलेला.

"तिसऱ्या वर्षी मी एक लेख लिहिला," सर म्हणाले. आधी मराठीत, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत. "पठारावर मला गवताची नवी जात सापडली होती. वीतभर उंचीची. त्या लेखानं माझं नाव झालं. चार महिन्यांनी हे पत्र आलं. साळुंखे नावाचे प्राथमिक शाळेतले गुरुजी होते, डोंगराखालच्या गावात."

त्यांनी पत्र वाचलं. गुरुजींनी लिहिलं होतं, की हे गवत नवं नाही, खाली सगळीकडे असतं तेच आहे. पठारावरच्या वाऱ्यानं आणि उथळ मातीनं खुजं राहिलं आहे. 'मी तिथलं एक ठोंब आणून शाळेच्या मागे लावलं. ते कमरेएवढं झालं. आपण येऊन पाहावं ही विनंती. चूकभूल द्यावी घ्यावी.'

"सो द टीचर वॉज राइट?" ईशानं विचारलं.

"शंभर टक्के."

"अँड यू डिडन्ट प्रिंट इट?"

"ईशा!" पल्लवी दटावून म्हणाली.

"विचारू दे तिला." सरांनी चष्मा काढला. "नाही छापलं. मला बढती मिळायची होती. पोच तेवढी दिली. 'पत्र मिळाले, आभारी आहे.' संपादक मीच होतो, मला विचारणार कोण? त्यांनी परत कधी लिहिलं नाही."

मी या माणसाकडून शिकले होते की संदर्भ तपासल्याशिवाय ओळसुद्धा लिहायची नाही. मला राग आला, आणि इतकी वर्षं जपलेल्या त्या कागदाकडे बघून तो टिकलाही नाही.

"द्या ते कागद," सर म्हणाले. "सही करतो. पण लेख जाईल तिथे हे पत्र गेलं पाहिजे. त्यांच्या नावानं."

युर्गेन उभाच राहिला. "पण हे तर प्रकाशनोत्तर परीक्षण आहे! दोन वर्षं आम्ही याचं उदाहरण शोधतोय!"

"आमच्याकडे याला चूक म्हणतात," सर म्हणाले आणि सही केली.

परतताना विमानतळावर आयनोनं माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाली, "थालीपीठ." तिचा निरोप मला पुरेसा वाटला.

साताऱ्याला आल्यावर मी आधी गुरुजींचं गाव गाठलं. गुरुजी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीनं, शालनताईंनी, चहा केला आणि पत्राची छायाप्रत दोनदा वाचली. "आमच्या दादांचंच अक्षर. सर पाहायला येतील म्हणून त्यांनी ते गवत दोन वर्षं कुणाला कापू दिलं नव्हतं." शाळेमागे आम्ही जाऊन आलो. गवत भरपूर होतं. त्यातलं ते कोणतं, हे सांगू शकणारं तिथे कुणी नव्हतं, आणि तीन म्हशी फरक न करता सगळंच खात होत्या.

मग एक नवीच अडचण आली. प्रकल्पाच्या अर्जात 'लेखकाची संस्था' हा रकाना भरल्याशिवाय पत्र संकेतस्थळावर चढेना. शालनताई म्हणाल्या, "शाळेचं नाव नका घालू. या कामासाठी शाळेनं त्यांना कधी एक दिवस रजा दिली नाही." मी रकाना कोरा ठेवला, संगणकानं लाल अक्षरांत नकार दिला. युर्गेनला कळवलं. सात विद्यापीठांची फोनवरून बैठक झाली, मग दुसरी झाली, आणि तीन आठवड्यांनी त्या रकान्यापुढची सक्तीची खूण निघाली. लोक मला विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस आणि युरोपवाल्यांकडून काय शिकलीस. मी ही रकान्याची गोष्ट सांगते. ऐकणारे थोडे हिरमुसतात. त्यांना धबधब्याचे फोटो हवे असतात.

अंक चढले त्या दिवशी सरांचा फोन आला. ईशानं त्यांना पडद्यावर दाखवलं होतं.

"वंदना, गुरुजींचं पत्र माझ्या लेखाच्या खाली दिसतंय."

"हो सर. तारखेप्रमाणे तसंच येतं."

"वर घेता येईल का?"

मी युर्गेनला विचारलं. त्यानं लिहिलं, की यासाठी बैठक घ्यावी लागेल. ती होईपर्यंत मी थांबले नाही. त्याच दुपारी पत्र वर घेतलं.