आतोबा आणि लोकांच्या स्कूटरी

स्वतःच्या नावावर साधी सायकलही नसताना अख्ख्या ग्वाल्हेरातल्या स्कूटरी चालवून पाहिलेला माणूस एकच, माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. तेव्हा गावात स्कूटरी त्या कितीशा! पण नवी असो की जुनी, आतोबांनी फिरवून आणल्याशिवाय ती घ्यायला कुणी धजत नसे. संस्थान होतं तोवर ते दरबारच्या मोटारखान्यात गाड्या तपासत. संस्थान विलीन झालं, मोटारी गेल्या आणि आतोबांना नव्या सरकारच्या एका कचेरीत टपालावर शिक्के मारायला बसवलं. तिथून सुटले की ते थेट कुणाच्या तरी स्कूटरवर.

परीक्षा फार कडक. टोपी बाजाराच्या गर्दीत ब्रेक, किल्ल्याच्या चढावर इंजिन आणि मागच्या सीटसाठी आत्या. आत्याला नऊवारीत मागे बसवून ते मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून नेत आणि उतरल्यावर विचारत, "कुठं दुखतंय?" आत्या म्हणे, "कुठं नाही ते विचारा." मग मालकाला निकाल मिळे, "हॉर्न वाजतो, पण माफी मागितल्यासारखा." एकदा एक विकणारा वैतागला, "बाबूजी, लेनी है कि नहीं?" आतोबा शांतपणे म्हणाले, "अभी तो जान-पहचान हो रही है."

मग राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे आतोबांची कचेरीही निघाली. आतोबांची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आत्याला हलता येईना. त्यांनी एकट्यानंच जायचं ठरलं. त्या दिवसांत त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

तशात दाल बाजारातले एक शेठजी विकत घ्यायच्या विचारात असलेली, वापरलेली स्कूटर दाखवायला घेऊन आले. मी मागे बसलो. आतोबा ना बाजारात शिरले, ना चढावर गेले. मोटारखान्याच्या बंद फाटकासमोर जरा थांबले आणि वळले. ब्रेक असा किंचाळत होता की माझ्यासारख्या कॉलेजातल्या पोरालाही कळावं.

"कैसी है, साहब?" शेठजींनी विचारलं.

"अच्छी है. ले लो."

शेठजी गेल्यावर मी हळूच म्हटलं, "आतोबा, ब्रेक..."

ते दचकले. "अरे, मला ऐकूच आला नाही रे." आणि तसेच अनवाणी शेठजींच्या मागे धावले.

शेठजींनी ब्रेक नीट करून घेतला, स्कूटर घेतली आणि जाण्याच्या दिवशी आतोबांना स्टेशनवर सोडायला तीच माझ्या हवाली केली. पायाशी ट्रंक, मागे आतोबा. स्टेशन दिसायला लागलं तसा खांद्यावर हात आला. "पुढून वळव." मी वळवली. पुन्हा स्टेशन, पुन्हा हात. "अजून एक फेरी मार." गिअरबद्दल, सीटबद्दल चकार शब्द नाही. अखेर स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी सुटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते टांग्यानं गेलेच. पण गाडी चुकली त्या दुपारी आम्हाला दारात परत आलेलं पाहून आत्या तशीच आत वळली. तिनं पुन्हा भात टाकला. आतोबा पाटावर बसून सावकाश जेवत राहिले आणि ते नको म्हणेपर्यंत आत्या वाढत राहिली.