बिडाची प्लायमाऊथ

आकाराम सुतार उद्यमनगरात माझ्या शेजारच्या गाळ्यात चाळीस वर्षं पॅटर्न करतोय. पॅटर्न म्हणजे फौंड्रीला लागणारा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे कास्ट आयर्न, ओतायचं. आता हे काम कॉम्प्युटरवरची मशीन करते, आणि आकारामकडं महिन्याला एखादं गिऱ्हाईक चुकून येतं. मी जयसिंग, लेथवाला. आमच्या दोघांत एक पत्र्याची भिंत आहे, त्यामुळं त्याचा खोकलासुद्धा मला पाठ आहे.

दिवाळी झाल्यावर तो माझ्याकडं आला. हातात कागद.

"जयसिंगा, पितळंचे दोन बंपर करून दे. चाकं, दिवे, स्टेरिंग पण. मोटारीचं हाय. एकास धा मापाचं."

"म्हातारपणी खेळणी सुचाय लागली व्हय रं?"

"आण्णाची गाडी करतोय," तो म्हणाला, आणि माझं हसू तिथंच विरलं.

आण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ गणपतराव. सत्तावन्न सालची हिरवी प्लायमाऊथ होती त्याची, अमेरिकन, लांबलचक, मागं दोन उभे पंख. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीच्या फेऱ्या आणि लग्नसराईत नवरदेव. गणपतराव रोज सकाळी ती पुसायचा, आणि आमच्यापैकी कुणी बॉनेटला टेकला की शिवी हासडायचा. पुढं गिअरबॉक्स गेला. पार्ट मुंबईहून यायचा होता, तो दोन वर्षं येतच होता. गाडी आकारामच्या गाळ्यासमोर उभी. लाकूड उतरवायला जागा नाही म्हणून आकाराम रोज चिडायचा. ब्याण्णव साली गणपतराव बायकोला घेऊन तीन आठवडे मिरजेच्या दवाखान्यात होता, तेव्हा ह्या शहाण्यानं भंगारवाला बोलावला आणि गाडी देऊन टाकली. भावाला एका शब्दानं विचारलं नाही.

गणपतराव परत आला तेव्हा मी तिथंच होतो. जमिनीवर फक्त तेलाचा काळा डाग. त्यानं डागाकडं बघितलं, आकारामकडं बघितलं, आणि विचारलं, "च्या हाय काय रं?" बस्स. एकाच घरात राहून तीस-बत्तीस वर्षांत त्यानं त्या गाडीचं नाव काढलं नाही. अहो, शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर परवडलं असतं! जन्मभर दुसऱ्याचा टेम्पो चालवला त्यानं.

"आत्ता का करतोयस?" मी विचारलं.

"साखरंनं त्येचे डोळे नेले. आता बोटांची जाणीव चाललीय. परवा गरम कप धरला आन् कळलंच न्हाय त्येला, फोड आले. बोटं हाईत तवर गाडी हातात द्यायची हाय." मग म्हणाला, "मी ती भट्टीत जाताना बघितलीय. शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्न पोचवायला गेलतो. भंगाराच्या ढिगावर हिरवं दार. मी बगून न बगितल्यागत केलं, जयसिंगा. पॅटर्न दिला आन् आलो."

बंपर करून देतो म्हणालो.

घरातल्या अनुजानं, गणपतरावाच्या नातीनं, इंटरनेटवरून मापं काढून दिली. आकाराम चार महिने राबला. सागवानाचं अंग, आत पोकळ, पंखांची धार, खिडक्यांच्या चौकटी, बॉनेटवरची रेघसुद्धा. मी इतकी वर्षं त्याचं काम बघतोय, पण असा हात चाललेला कधी पाहिला नव्हता. मीही पितळेत जीव ओतला, स्वतःच्या तोंडानं सांगतो.

आणि बंपर बसेना. दोन्ही बाजूंनी अपुरा. चाकांची भोकं पुढंमागं.

"तुजं माप चुकलंय," तो म्हणाला.

"माजं? व्हर्निअर लावून केलंय मी! तुझंच डोस्कं फिरलंय!"

अर्धं उद्यमनगर गोळा व्हायची वेळ आली. शेवटी मी माझी पट्टी आणली आणि त्याच्या गाडीला लावली. साडेवीस इंच पाहिजे होती, जवळजवळ दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त भरली. मग मी त्याची पट्टी माझ्या पट्टीशेजारी ठेवली आणि भांडण तिथंच संपलं.

पॅटर्नवाल्याची पट्टी वेगळी असते. बीड थंड होताना आकसतं, म्हणून तिचा इंच मुळातच थोडा मोठा. जन्मभर ज्या पट्टीनं पंपांचे पॅटर्न केले, त्याच पट्टीनं त्यानं भावाची गाडी केली होती. हात सवयीनं तिच्याकडंच गेला. एवढंच नव्हे, वाळूतून सुटावी म्हणून गाडीच्या कडांना ढाळही दिला होता.

आकारामनं हातोडा उचलला. "चार म्हैनं फुकट गेलं. आता नवी करूस्तवर त्येची बोटं ऱ्हात न्हाईत."

मी त्याचा हात धरला. खरं सांगतो, तोवर माझ्याही डोक्यात काही नव्हतं. त्या ढाळाकडं बघत होतो आणि एकदम पेटलं.

"थांब, येड्या! तू गाडी केलीच न्हाईस. पॅटर्न केलायस! ओत की बिडात, बरोबर मापाला येती!"

तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी चहा सांगितला.

शिरोलीच्या त्याच फौंड्रीत गेलो. जुनी भट्टी आता नाही, विजेची आहे. पहिल्या ओतीत डावा पंख भरलाच नाही. दुसऱ्या ओतीचा साचा दुसऱ्या दिवशी फोडला, वाळू झाडली, आणि मी पट्टी लावली. साडेवीस इंच. बंपर ठोकावासुद्धा लागला नाही. घासून, हिरवा रंग देऊन, चाकं बसवून आम्ही दोघांनी ती रिक्षातनं घरी नेली. एकट्याला उचलत नव्हती.

गणपतराव खाटेवर बसला होता. पुढ्यात पाट ठेवून त्यावर गाडी ठेवली. तो बोटं फिरवू लागला. बॉनेट, काच, छप्पर. पुन्हा बॉनेट.

"काय हाय ह्ये?" गणपतराव म्हणाला. "बोटास्नी काय कळत न्हाय रं."

आकारामचा चेहरा पडला. माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवेना. उशीर झाला होता.

"उचलून बग, आण्णा," आकाराम कसाबसा म्हणाला.

गणपतरावानं पुढच्या बंपरखाली दोन्ही हात घातले आणि जरा उचललं. वजन मनगटावर आलं. तो तसाच थांबला. मग एक हात काढून त्यानं अख्खा तळवा मागं नेला, सावकाश, छपरावरून खाली, आणि तो पंखावर टेकला. दुसऱ्या पंखावर. तिथंच राहिला.

"बीड हाय?"

"व्हय."

"कुटं ओतलंस?"

आकाराम खाली बसला, भावाच्या पायाशी. "शिरोलीत. आण्णा, तुझी गाडी बी तितंच..."

"ठावं हाय," गणपतराव म्हणाला. "दवाखान्यातनं आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बी गेलतो. दारं तेवढी ऱ्हायलीती."

आकारामनं त्याचे पाय धरले होते. गणपतरावानं पंखावरचा हात काढला, चाचपडत भावाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "ही तरी भंगारात घालू नगंस."