रांगोळीचा शिरा

रांगोळी साजूक तुपात किती वेळ भाजावी, याचा अनुभव अख्ख्या नाशकात बहुधा माझ्या एकटीलाच असेल. मी पस्तीस मिनिटं भाजली. तांबूस होत नाही ती.

हे नीट कळायचं तर आधी माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. नाना टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या कामाला होते. समोर भिंतभर खण, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि घोटीचं पत्र घोटीच्या खणात, दिंडोरीचं दिंडोरीच्या, तेही खणाकडे मान न वळवता! निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नाही. इंदिरानगरातल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात (आपणच हिंडून सामान टोपलीत टाकायचं, त्यातलं) ते दर शनिवारी दहाला शिरायचे आणि सव्वादहाला बाहेर. ओळखीच्यांशी गप्पा मारत हात बाजूला केला की पोहे. दोन पावलं पुढे, हात खाली, गूळ. सासूबाई गेल्यापासून घरातला हा एवढाच कारभार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता आणि त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे.

आणि एके दिवशी दुकानावर हिरवी जाळी चढली, पाटी लागली: ‘नूतनीकरण चालू आहे, दुकानही चालू आहे. गैरसोय आपल्याच सोयीसाठी!’

पहिल्याच शनिवारी नाना नेहमीच्या थाटात सामान घेऊन आले. संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं काढली.

“या वेळी जरा कडक आहेत,” असं म्हणत त्यांनी तिसरं बुडवलं.

संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुडा उचलून बघितला. “नाना, ही कुत्र्यांची बिस्किटं आहेत!”

“तरीच गोड नाहीत,” नाना शांतपणे म्हणाले आणि हातातलं संपवलं.

मी हसून हसून बेजार झाले, पण संदीप चिडला. “बास झालं. आता मोबाइलवरून मागवू. सगळं दारात येतं.”

नाना उठले, आपली कापडी पिशवी घडी घालून कपाटात ठेवून आले. ती घडी मला बघवेना.

“मी जाईन नानांबरोबर,” मी म्हटलं. “मी असल्यावर कसली चूक होतेय!” (हे वाक्य आमच्या घरात आजही अधूनमधून ऐकवलं जातं.)

“ठीक आहे,” संदीप म्हणाला. “पण आणखी एक चूक झाली, की मोबाइल.”

पुढच्या रविवारी नानांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. नणंद उषाताई आणि त्यांचे यजमान चांदवडहून येणार होते. नानांची फर्माईश एकच, शिरा. “आणि रवा मी आणणार,” असंही त्यांनी बजावलं होतं.

शनिवारी आम्ही दुकानात शिरलो आणि मी दाराशीच गोंधळले. डाळींच्या जागी फिनेल, फिनेलच्या जागी लोणची, आणि मध्येच एक रिकामं रॅक अंगावर प्लास्टिक पांघरून उभं! फरशी कापायच्या यंत्राचा आवाज असा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. मला वेलदोडे हवे होते. ‘मसाले’ असा बाण दिसला म्हणून त्याच्यामागे गेले, तर पुढे प्लायवूडची भिंत. भिंतीआड सुतार डबा खात बसला होता.

“ताई, मसाले इथं परवा येतील,” तो म्हणाला. “आज कुठं हायेत ते मलाबी म्हाईत नाय.”

मी दुकानातल्या ताईंना गाठलं. त्यांनी मला पापडांकडे पाठवलं, पापडांपाशी कुणीतरी झाडूंकडे. तेवढ्यात नाना जवळ आले. टोपलीतून पांढरीशुभ्र पिशवी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

“मेधा, रवा घेतलाय. जरा बघ बरं.”

“हो हो, छान आहे!” मी झाडूंमध्ये वेलदोडे शोधता शोधता म्हटलं.

रविवारी सकाळी माणसं आली. मी कढईत तूप सोडलं, पिशवी फोडली, चार वाट्या ओतल्या आणि परतायला लागले. दहा मिनिटं झाली. वीस झाली.

“रवा घेतलास का गं भाजायला?” नानांनी बाहेरून विचारलं. “वास नाही आला.”

“मंद आचेवर चाललंय, नाना!”

तूप कमी पडलं असेल म्हणून आणखी दोन डाव घातलं. ते सगळं कढईत गिलाव्यासारखं बसलं! उलथनं टाकलं की खरखर आवाज. शेवटी चिमूटभर जिभेवर टाकून बघितलं आणि दाताखाली जे कर्रकन वाजलं, ते मला अजून ऐकू येतं. फोडलेली पिशवी कचऱ्यातून काढून उलटी केली. खाली बोटभर चिठ्ठी होती: ‘रांगोळी, पांढरी, बारीक’.

तेवढ्यात नाना स्वयंपाकघरात आले. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

“मेधा, मला वाचता येत नाहीये गं,” ते हळूच म्हणाले. “वर्ष झालं, दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं. दुकानात जागा ठाऊक होत्या म्हणून निभावत होतं. संदीपला नको सांगूस. तेवढं एक जाणं उरलंय माझं.”

मला रडू आलं. आम्ही सगळे इतकी वर्षं ‘न बघता घेतात’ म्हणून कौतुक करत होतो, आणि त्यांनी बघायला सांगितलं तेव्हा मी झाडूंमध्ये डोकं घालून बसले होते!

“काय झालं?” संदीप दारात आला. मागोमाग उषाताई आणि त्यांचे यजमान.

“रव्याऐवजी रांगोळी आली,” मी म्हटलं. “चूक माझी. नानांनी मला बघायला सांगितलं होतं. मी बघितलं आणि छान आहे म्हटलं.”

“तू बघितलंस?” संदीपला खरं वाटेना. “आणि मग भाजलीस?”

“पस्तीस मिनिटं.”

नाना काही बोलायला गेले. मी डोळे वटारले, ते गप्प बसले. उषाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“वहिनी,” त्यांचे यजमान कढईत डोकावून म्हणाले, “केशरी रांगोळी तरी घ्यायचीत. रंग छान आला असता!”

त्या दिवशी पंचाहत्तरी श्रीखंडावर साजरी झाली. कढई मात्र गेली ती गेलीच.

मोबाइलचा विषय संदीपने काढला नाही. बायकोच्या अकलेपुढे कुत्र्याची बिस्किटं अगदीच किरकोळ वाटली असावीत. आठवड्याने मी नानांना ‘चष्म्याचा नंबर तपासू’ म्हणून डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली. संदीपला तेव्हा सगळं कळलं. त्याने कपाटातली ती कापडी पिशवी काढून नानांच्या उशाशी ठेवली.

तोवर दुकान नवं होऊन चकाचक झालं. माइकसुद्धा आला! नानांनी तीन शनिवारांत ते सगळं पाठ केलं. प्रत्येक रॅकला त्यांनी गावाचं नाव दिलंय. रवा चांदवडला, हिंग घोटीला, बिस्किटं दिंडोरीला. आता सव्वादहाच्या आत बाहेर असतात.

मीही जाते बरोबर. परवा वेलदोडे घ्यायला म्हणून वळले आणि पुन्हा कुठे आले ते कळेना. तेवढ्यात माइकवरून मालकांचा आवाज घुमला: “नानांच्या सूनबाई, जिथे असाल तिथेच थांबा. नाना तुम्हाला घ्यायला येताहेत!”

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मी मुकाट थांबले. नाना आले, माझ्यामागच्या रॅकवरची पाटी त्यांनी लांबूनच वाचली आणि माझा हात धरला.

“चल,” ते म्हणाले. “इथल्या कशालाही हात लावू नकोस, रांगोळी आहे.”